कावळ्याचा नियम

खेळ कसा रचायचा हे मी वडिलांकडून शिकलो. त्यांना हे कुणी सांगितलं तर अंगावर पाल पडल्यासारखं करतील. त्यांच्या मते मी मोबाईलवरचे चाळे बनवतो, आणि ते स्वतः गेली चाळीस वर्षं गंगेवर बसून लोकांच्या मेलेल्या माणसांची सोय लावतात. नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणायचं, आणि 'गंगेवर जाऊन आलो' म्हटलं की समोरच्याने फार खोलात शिरायचं नाही.

वडील दहाव्याचे गुरुजी. लग्न, मुंज, वास्तुशांत असली की लोक दुसऱ्या गुरुजींना बोलावतात. घरात कुणी गेलं की यांचा नंबर शोधतात. आमच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ सकाळी जिन्यात वडील समोर आले की काहीतरी विसरल्यासारखं करून परत वर जातात आणि पाच मिनिटांनी पुन्हा उतरतात. वडिलांना हे ठाऊक आहे. म्हणून ते मुद्दाम खाली पार्किंगमध्ये थांबतात आणि "काय, निघालात का?" असं प्रेमाने विचारतात. दुष्टपणा आमच्या घरात असा पिढीजात आहे, मी तो बाहेरून आणलेला नाही.

कॉलेजात असताना मी दुपारचा डबा घेऊन घाटावर जायचो आणि काम संपेपर्यंत पायरीवर बसून त्यांना बघायचो. दहाव्या दिवशी पानावर भाताचा पिंड मांडतात. शेजारी मेलेल्या माणसाला आवडायचं ते ठेवतात, भजी, जिलबी, कुणाचा चहासुद्धा. कावळ्याने पिंडाला चोच लावली की सुटलं, त्याची काही इच्छा राहिली नाही. कावळा शिवला नाही की नातेवाइकांचं काम सुरू होतं. एकेक जण पुढे येऊन हात जोडून वचन देतो. तरीही नाहीच आला, तर गुरुजी दर्भाचा कावळा करतात, तो पिंडाला लावतात आणि मोकळे होतात.

वडील दर्भाला सहसा हात लावत नसत. ते थांबत. पहिली दहा मिनिटं लोक फुकटची वचनं देतात. सगळं नीट होईल, काळजी करू नका, पोरांना सांभाळू. वडील तोवर पळी पुसत बसत. मग हळूहळू कुणाच्या तरी तोंडून खरं निघतं. दारू सोडतो. वहिनीशी बोलायला लागतो. त्या दिवशी फोन मुद्दाम उचलला नव्हता. ते निघालं रे निघालं की वडील मान वर करून म्हणत, "मागे व्हा. सगळे मागे व्हा, पार पायऱ्यांपर्यंत." लोक मागे होत आणि पाचेक मिनिटांत कावळा उतरे. बायका डोळ्याला पदर लावत आणि पुरुष आकाशाकडे बघत.

कावळा माणसांना भितो. एवढंच आहे ते. माणसं पिंडाला खेटून उभी आहेत तोवर तो झाडावरून हलत नाही, मागे झाली की येतो. हे मला कळायला पाचसहा खेपा लागल्या. तोवर इतक्या वर्षांत एकाही यजमानाला ते कळलं नव्हतं, कारण ज्याचं माणूस गेलंय त्याचं लक्ष कावळ्याकडे असतं, स्वतःच्या पायांकडे नसतं.

पुढे मी खेळ बनवायला लागलो तेव्हा या धंद्यातल्या जाणत्यांचं म्हणणं वाचलं. नियम सांगू नका, खेळणाऱ्याला तो सापडला असं वाटू द्या. त्याने आपल्याला हवं ते केलं की बक्षीस लगेच द्या. बक्षीस आपल्या करणीने मिळालं यावर त्याचा विश्वास बसला पाहिजे. वाचताना मला हसू येत होतं. हे सगळं वडील भाताच्या गोळ्यावर आणि एका पक्ष्यावर करत आले होते.

मी खेळ बनवतो ते मात्र आईमुळे. लोक विचारतात तेव्हा मी कलेबिलेचं काहीतरी ठोकून देतो. खरं इतकंच की लहानपणी मी फरशीवर खडूने जो खेळ आखायचो तो आईला खेळायला लावायचो, आणि ती दोन डाव खेळून म्हणायची, "कंटाळा आला." बाकीच्या आया 'वा वा' म्हणायच्या, आमची म्हणायची नाही. पुढे मोबाईलवरचे खेळही आधी तिच्या हातात. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता ती खेळायची आणि तोच निकाल द्यायची. तिने तसं म्हटलं की मी तो खेळ फेकून द्यायचो. अशा अकरा खेळांची मी माती केली. जगाला आवडेल असा खेळ करायचा मला कधी सोस नव्हता. तिने एकदा 'कंटाळा आला' म्हणू नये, एवढाच हट्ट होता.

शेवटचा खेळ द्राक्षांचा होता. पेटीत घड बसवायचे, मणी चिरडता कामा नये, गाडी सुटायच्या आत पेटी बंद करायची. अशा साठ पेट्या. दोन वर्षं मी त्यावर बसलो होतो आणि तो पुरा झाला तेव्हा आई हॉस्पिटलात होती. उजव्या हाताला सलाईन, म्हणून ती डाव्या अंगठ्याने खेळायची. मी शेजारी स्टुलावर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हतो, अंगठ्याकडे बघत होतो. डाव्या हाताने खेळणाऱ्याला पेटी बंद करायचं बटण लांब पडतं, असं मी वहीत लिहून घेतलं. मग बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून ते बटण सरकवत बसलो. तिने दोनदा हाक मारली तेव्हा मी "आलो, आलो" म्हटलं आणि गेलो नाही.

संध्याकाळी गेलो तेव्हा तिने फोन उशीखाली ठेवला होता. "कंटाळा आला," ती म्हणाली.

मी त्याच आठवड्यात तो खेळ माझ्या लॅपटॉपवरून काढून टाकला. पुढच्या आठवड्यात ती गेली.

तिचा दहावा बुधवारी आला. गंगेवर बुधवारचा बाजार भरतो, आणि वडिलांचं नेहमीचं म्हणणं की बुधवारी कावळे बाजारात पोट भरून येतात, पिंडाला नखरे करतात. त्या दिवशी विधी सांगायला दुसरे गुरुजी होते, वडिलांच्याच हाताखाली तयार झालेले. मी कर्ता, डोकं भादरलेला, ओल्या धोतरात. वडील बाजूला उभे होते, पण ते गुरुजी प्रत्येक गोष्ट यांच्याकडे बघूनच करत होते.

कावळा येईना. इगतपुरीचा मामा पुढे झाला. मामा रेल्वेतून रिटायर झालेला, आईचा धाकटा भाऊ. "ताई, दाजींची काळजी करू नको. मी येत जाईन दर महिन्याला." कावळा झाडावर. "ताई, आपलं दिवाळीत वाजलं होतं, माझं चुकलं होतं गं." कावळा झाडावरच. वडील पिंडाला खेटून उभे होते, आणि ते उभे म्हणून सगळेच खेटून उभे होते. ते मधूनमधून म्हणत होते, "अजून कुणाचं काही राहिलंय का?" आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत होते.

"बोल ना लेका," मामा माझ्या कानाशी म्हणाला. "तिचा जीव तुझ्यातच अडकलेला. लय काळजी करायची तुझी. ते मोबाईलचं सोडतो म्हण, बापाबरोबर बसतो म्हण. ऐकेल ती."

ऊन वाढत होतं. पिंडावर माश्या बसायला लागल्या होत्या आणि त्या मला बघवेनात. मी हात जोडून म्हणालो, "आई, मी खेळ बनवणं सोडतो. उद्यापासून बाबांबरोबर गंगेवर बसतो."

"मागे व्हा," वडील म्हणाले. "सगळे मागे व्हा."

कावळा आला. मामा ढसाढसा रडला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते म्हणतात. इथे फांदी आधीच करवतून ठेवलेली होती आणि करवत कुणाच्या हातात होती ते मी एकट्याने पाहिलं. आईच्या पिंडावर त्यांनी माझ्याकडून वचन काढून घेतलं. मला त्या वेळी रडू आलं नाही. इतका राग आला की दात शिवशिवायला लागले, आणि त्याच्या मागोमाग मनात आलं की यावर फार चांगला खेळ होईल.

तीन महिने मी खरोखर गंगेवर बसलो. पोरगा सुधारला, असं घाटावर सगळे म्हणायला लागले. मी पळी-पंचपात्र मांडायचो, दर्भ सोडवून द्यायचो आणि लोक पिंडापुढे काय बोलतात ते घरी येऊन वहीत उतरवायचो. कोण कितव्या मिनिटाला खरं बोललं, काय बोलायच्या आधी अडखळलं, सगळं. एका म्हाताऱ्याने बायकोच्या पिंडाला "तुझ्या स्वयंपाकाला मी नावं ठेवायचो, पण जेवायचो ना गं" म्हटलं, त्याच्यापुढे मी चांगलं म्हणून बरोबरची खूण केली. वही भरली तसा मी गंगेवर जाणं बंद केलं. मामाने फोनवर एवढंच विचारलं की ताईला दिलेल्या शब्दाचं काय. मी म्हटलं, "कावळ्याला दिला होता, तो उडून गेला."

त्यानंतरच्या वर्षभरात खेळ झाला. त्यात घाट आहे, पान आहे, पिंड आहे आणि झाडावर कावळा आहे. खाली लिहायला जागा. तुमचं जे कोण गेलं असेल त्याला काय सांगायचं ते लिहा. तुम्ही लिहिता तसा कावळा मान तिरकी करतो, पंख झाडतो, एक फांदी खाली येतो, पुन्हा वर जातो. लिहिण्याचा आणि त्याचा काडीचा संबंध नाही. नियम एकच: फोन खाली ठेवून हात काढला आणि काही मिनिटं शिवलाच नाही, तर कावळा येतो. आजकाल फोन कोण खाली ठेवतं? माणसं लिहीत राहतात. शेवटी थकून, चिडून फोन आपटतात, पाणी प्यायला जातात, परत येऊन बघतात तर पिंड उष्टा झालेला. तो आला तेव्हा तुम्ही बघत नव्हता.

पहिल्यांदा तो मी मामाला दिला. चाचणीसाठी जो खेळ देतो त्यात माणूस काय लिहितो ते सगळं माझ्या लॅपटॉपवर येतं. बाहेर लोकांना दिला त्यात तसं काही नव्हतं. मामाला मी सांगितलं की कुठे काही जात नाही. तो आमच्या हॉलमध्ये बसून लिहीत होता आणि मी आतल्या खोलीत वाचत होतो. दिवाळीतल्या भांडणाचं पुन्हा सगळं, मग त्याच्याही आधीचं, लग्नाच्या वेळचं काहीतरी, जे आईने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. सव्वीस मिनिटं. बाहेर येऊन मी विचारलं, "कसा वाटला?" त्याचे डोळे लाल झाले होते. "बरा हाय," तो म्हणाला, "पण यात जिंकायचं काय?" मला फार आनंद झाला, हे इथे लपवून उपयोग नाही.

खेळ लोकांत गेला आणि बऱ्यापैकी पसरला. खेळ बनवणाऱ्यांच्या वर्तुळात माझं कौतुक झालं. मग कुणीतरी नियम शोधून काढला आणि तोही पसरला.

एक दिवस वडील जेवताना म्हणाले, "आज एक कुटुंब आलं होतं. पोरं शिकलेली, कंपन्यांतली. पिंड मांडला आणि आपण होऊन मागे सरकली, पार पायऱ्यांपर्यंत. मला म्हणाली, गुरुजी, आम्हाला माहितेय, बोलायचं वगैरे काही नसतं. दोन मिनिटांत शिवला कावळा. तिथूनच मिसळ खायला गेली."

"मग चांगलं झालं की. तुमचा वेळ वाचला."

"त्यांची आई तिथेच उभी होती," वडील म्हणाले. "मला म्हणाली, गुरुजी, मला बोलायचं होतं यांच्याशी. आता कसं बोलू, सुटले ना ते."

मी भातावर वरण घेतलं.

"कावळा आला की बोलणं संपतं," ते म्हणाले. "म्हणून मी त्याला लांब ठेवतो. लोक कावळ्यासाठी येत नाहीत रे. बोलायला येतात. घरात बोलता येत नाही म्हणून येतात."

"आणि आईच्या वेळी? तेव्हा कुणाला बोलायचं होतं?"

"तेव्हा मला ऐकायचं होतं," ते म्हणाले.

इतकं सरळ ते कधी बोलले नव्हते. दुसरा एखादा मुलगा असता तर तिथे विरघळला असता. मी त्यांचा फोन उचलला, त्यात खेळ घातला, चाचणीचा, आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. "ऐकलंत ना? मग आता तुम्हीही बोला. कुठे जात नाही, तुमच्याच फोनमध्ये राहतं."

आठवडाभर त्यांनी तो उघडला नाही. मग एके दुपारी, अडीचच्या सुमाराला, माझ्या लॅपटॉपवर एक शब्द आला. 'अगं.' एका बोटाने लिहितात, अक्षर शोधायला वेळ लागतो. पुढे कितीतरी वेळाने आलं, 'जेवलो.' दुसऱ्या दिवशी 'वरणात मीठ जास्त. तो काही बोलला नाही.' असं रोज. नियम त्यांना पाठ होता, त्यांचाच तो नियम. पण फोन त्यांनी एकदाही खाली ठेवला नाही. हातात धरून लिहायचे, लिहून झालं की हातातच बंद करायचे. त्यांना कावळा नको होता.

मी रोज वाचत होतो. हसायलाच बसलो होतो, आणि पहिले काही दिवस हसलोही.

मग एके दिवशी आलं: 'त्याला अजून सांगितलं नाही. तू साठही पेट्या भरल्यास. शेवटच्या दिवशी मला म्हणालीस, त्याला सांगा, हा चांगला झालाय. कंटाळा आला म्हटलं ते रागाने म्हटलं, हाक मारली तर येत नव्हता. तू सांगायला सांगितलंस आणि मी उलटं त्याच्याकडून सोडतो म्हणवून घेतलं.'

मी उठून बेसिनपाशी गेलो, नळ सोडला आणि तसाच उभा राहिलो. बाहेर हॉलमध्ये वडील खुर्चीत होते, फोन बाजूला सारून पेपर वाचत होते. पंधरा पावलांवर. मला त्यांना धरून विचारायचं होतं की नेमकं काय म्हणाली, कुठल्या शब्दांत, चांगला झालाय म्हणताना तिचा चेहरा कसा होता. तो चेहरा मी पाहिला नव्हता, मी बटण सरकवत होतो. पण विचारायचं तर आधी सांगावं लागणार की मी चोरून वाचतोय. आणि ते सांगितलं की ते लिहिणं बंद करणार. दगडाखाली हात सापडला होता आणि दगड मीच ठेवलेला.

एकदा वाटलं, त्यांच्या फोनपुरता नियम बदलावा. येऊ दे कावळा, म्हाताऱ्याचं एवढं सांगून झालंय, सुटू दे. दोन ओळींचं काम होतं. मी त्या लिहिल्याही आणि पुसल्या. एका माणसासाठी नियम मोडायचा नसतो, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं होतं. कावळा आला असता तर त्यांचं बोलणं संपलं असतं आणि मला आईचं पुढचं ऐकायचं होतं. त्यांनी पिंडापाशी जे केलं तेच मी करत होतो.

त्यानंतर तिच्याबद्दल काही येईना. 'जेवलो.' 'पाय दुखतो.' 'आज गंगेवर तीन होते.' बारा दिवस मी अडीच वाजता काम टाकून बसत होतो. तेराव्या दिवशी मला राहवेना. त्यांचं लिहून झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय, आला का कावळा?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कसा येईल?" ते म्हणाले. "तू खेटून उभा आहेस."

आणि पेपर उघडला.

किती दिवसांपासून त्यांना माहीत होतं, ते पेट्यांचं त्यांनी आईला लिहिलं की मला, हे मी विचारलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. त्यांचं लिहिलेलं माझ्याकडे येणं मी त्याच दुपारी बंद करू शकलो असतो. मागे व्हायचं, एवढंच होतं. मी झालो नाही, आणि झालो नाही हे त्यांना ठाऊक आहे, कारण दुसऱ्या दिवशी अडीच वाजता त्यांनी लिहिलं: 'चाळिसावी पेटी तुला तीन दिवस जमली नव्हती. नर्सला दाखवलीस.'

तेव्हापासून ते रोज एकच वाक्य लिहितात. कधी तिचं असतं, कधी नसतं. तिचं येईल म्हणून मी बसून राहतो, आणि कितव्या दिवशी द्यायचं, किती दिवस रिकामे सोडायचे, हे त्यांना माझ्यापेक्षा बरंच चांगलं कळतं. मागच्या आठवड्यात एकच आलं, तिने उशीखालून फोन मागून घेतला त्याबद्दल, तेही अर्धवट. पुढचं अजून आलेलं नाही. काल त्यांनी लिहिलं, 'जेवलो.'